तिनं भरलेलं पाणी

मित्रांनो, मी तांब्याचा बंब. जुना आहे, पोटाला एक पोचा आहे आणि स्वभावानं जरा कुरकुऱ्या आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल. तुमच्या घरी भिंतीवर पांढरी टाकी असते, बटण दाबलं की गरम पाणी. माझं तसं नाही बुवा. माझ्या पोटातून एक उभं नळकांडं जातं, त्यात जाळ आणि त्याच्याभोवती पाणी. वरच्या तोंडातून बादलीभर थंड पाणी ओतलं की दुसऱ्या बाजूनं बादलीभर गरम पाणी बाहेर येतं. ओतल्याशिवाय मी देत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढं सगळं याच्यावरच अडलं.

माझा जन्म तांबटाच्या ठोक्यांखाली झाला. ठोक्यांनी नुसते कान किटले होते. मग देऊळगाव राजाकडच्या एका बापानं मला लेकीच्या लग्नात आंदण म्हणून दिलं. लेकीचं नाव चांगुणा. टेम्पोत कपाटाला आपटत आपटत मी अमडापूरला आलो, तेव्हाच हा पोचा पडला. नवरदेव इंद्रभान, भाजीपाला पिकवणारा माणूस. त्यानं पोच्यावरून हात फिरवला.

"ठोकलेलाच देला का तुह्या बापानं?"

"पानी तापवाचं हाये त्यात," चांगुणा म्हणाली. "तोंड नाई पाहाचं."

दोन दिवसांची नवरी ती! मला तेव्हाच कळलं, या बाईशी आपलं जमणार.

आणि जमलंही. चांगुणाची एक रीत होती. संध्याकाळची भांडी झाली की ती माझ्यातली राख काढायची, कमी झालेलं पाणी भरायची आणि नळकांड्यात पऱ्हाटी रचून ठेवायची. पऱ्हाटी म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या. सकाळी अंधारात शोधाशोध नको, नुसती काडी ओढली की काम झालं. मी तापलो की ती हाक मारायची, "बंब तापला हो, उठा!" इंद्रभान जागाच असायचा, पण ती हाक आल्याशिवाय पांघरूण सोडायचा नाही. लाड, दुसरं काय! मग त्याची आंघोळ, चहा, आणि दव असतानाच दोघं वांगी तोडायला मळ्यात. उन्हं वर यायच्या आत त्यांचा माल बाजारात मांडलेला असायचा. लोक म्हणायचे, इंद्रभानचं वांगं म्हणजे कवळं. इंद्रभान खुशीत हसायचा. मला कुणी शाबासकी दिली नाही, पण चांगुणा दर दिवाळीला मला चिंचेनं असं घासायची, की तेवढ्यात माझं भागायचं.

मागच्या वर्षी दसऱ्यानंतर वांग्याची नवी रोपं लावून झाली होती. एका संध्याकाळी चांगुणानं नेहमीसारखं मला भरलं, पऱ्हाटी रचली आणि ती झोपायला गेली. पहाटे तिच्या छातीत कळ आली. शेजाऱ्याच्या जीपमधून तिला बुलढाण्याला नेलं. मी काडीची वाट बघत उभा होतो. ती परत आली नाही.

घर माणसांनी भरलं. एवढ्या जणांच्या आंघोळीला पाणी हवं, म्हणून एका नातेवाइकानं माझ्याकडं हात केला. भिंतीला टेकून बसलेला इंद्रभान एवढंच बोलला, "त्याले हात नका लावू." दुःखातला माणूस, कोण वाद घालणार? अंगणात तीन दगड मांडून पातेल्यात पाणी तापवलं गेलं. इंद्रभान असं का म्हणाला ते कुणाला कळलं नाही. मला कळलं होतं. माझ्या पोटात चांगुणानं भरलेलं पाणी होतं, आणि नळकांड्यात तिनं रचलेली पऱ्हाटी.

मित्रांनो, तांबं फार काळ थंड राहिलं की त्याला काही वाटेनासं होतं. खोटं कशाला सांगू, मला दुःखसुद्धा झालं नाही. अंगावर हिरवट डाग चढले, तोंडावर कोळ्यानं जाळं केलं, मी बघत राहिलो. इंद्रभानचंही तसंच. कोंबडा आरवायचा, उजाडायचं, तो डोळे उघडे ठेवून पडून राहायचा. रडायचा नाही, चिडायचा नाही. उन्हं अंगणात आली की उठायचा, थंड पाण्याच्या दोन तांब्यांनी हातपाय धुवायचा आणि ओट्यावर बसायचा. मळ्यात जाईपर्यंत दुपार व्हायची.

वांगं काही माणसासाठी थांबत नाही. वेळेवर तोडलं नाही की निबर होतं, पिवळं पडतं, आणि निबर वांगी अंगावर घेऊन उभं झाड नवं फूल धरत नाही. चांगुणानं हातानं लावलेला तो मळा डोळ्यांदेखत संपत चालला होता. बाजारात त्याच्या जागेवर दुसऱ्यानं गोणपाट टाकलं. आता प्रश्न वांग्याचा नव्हता. हा माणूस पुन्हा सकाळी उठेल की नाही, हा होता.

मुलगा सागर पुण्याला नोकरीला. पोरगा गुणाचा आहे, त्याला बोल नाही लावणार. त्यानं बापाला फोनवर व्हिडिओ पाठवले. एक गोरागोमटा माणूस सांगायचा, पहाटे उठा, कोमट पाणी प्या, दिवसाचं ध्येय ठरवा, आणि सकाळी फोन अजिबात बघू नका. इंद्रभान हे सगळं सकाळी अंथरुणात पडून फोनवरच बघायचा! सागर रोज विचारायचा, "बाबा, उठले का?" इंद्रभान पडल्यापडल्या सांगायचा, "हाव, उठलो." एकदा सागर म्हणाला, "गिझर बसवून देतो बाबा. बंब मोडीत देऊन टाकू." इंद्रभाननं फोन उशाशी ठेवून दिला. मी मनात म्हटलं, द्या. इतका मी बधिर झालो होतो.

थंडी कडाक्याची पडली तेव्हा संग्रामपूरहून इंद्रभानची थोरली बहीण आली, भिमाबाई. ही बाई दारात आली की आधी आवाज येतो, मग ती. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून ती थेट माझ्यापुढं उभी राहिली.

"कारे इंद्रभान, पानी काऊन नाई तापवत तू? थंड्या पान्यानं मरतं का?"

तिनं कोळ्याचं जाळं पदरानं पुसलं आणि काडेपेटी शोधली. काडी ओढल्याचा आवाज झाला मात्र, इंद्रभान धावत बाहेर आला.

"अक्का! हात लावू नको त्याले!"

इतक्या महिन्यांत त्याचा आवाज पहिल्यांदा चढला होता. भिमाबाईच्या हातातली काडी विझली.

"काऊन पण?"

"तिनं भरलेलं पानी हाये त्यात," तो म्हणाला. "पऱ्हाटी बी तिनंच रचली. पेटोलं तं जळून जाईन, अक्का. पानी काहाडलं तं सरून जाईन. मंग तिच्या हातचं काय राह्यते माह्याजवळ?"

भिमाबाई माझ्याशेजारी बसली. तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "बयताडा, तिनं ते जाळाले रचलं होतं, पाहाले नाई. तुही आंघोळ व्हावी म्हनून रचलं. तू तसंच ठेवलं, म्हंजे तिचं काम अर्धंच राह्यलं ना?"

इंद्रभान विझलेल्या काडीकडं बघत राहिला.

"अन् बंबातलं पानी कधी सरते का रे? तू बादली ओतशीन तवा बादली येईन. काही तिचं येईन, काही आतच राहीन तुह्या पान्यात मिसळून. उद्या पुन्हा ओतजो. सांग मले, हा बंब कोनं कधी रिकामा पाह्यला?"

इंद्रभाननं माझ्याकडं पाहिलं. मग तिच्या हातातून काडेपेटी घेतली.

पऱ्हाटी खडखडीत वाळली होती, एका काडीत पेटली. किती नीट रचली होती तिनं! आणि मित्रांनो, बधिर पायात मुंग्या येतात ना, तसं झालं मला. ऊब चढली तसं आधी दुखलंच. चांगुणा गेली हे मला त्या सकाळी पहिल्यांदा खरोखर कळलं.

मी तापलो, पाणी कुजबुजायला लागलं, आणि आम्ही दोघंही एका हाकेची वाट बघत राहिलो. हाक आली नाही. भिमाबाईही मुद्दाम गप्प राहिली असावी. शेवटी इंद्रभान आपणच उठला. त्यानं थंड पाण्याची बादली माझ्यात ओतली, मी बादलीभर गरम पाणी दिलं. न्हाणीत बसून पहिला तांब्या अंगावर घेतला आणि तो रडला. पोटभर रडला. मग मळ्यात गेला. टोपलीभर निबर वांगी तोडून बांधावर फेकली, आणि उपरण्यात मावतील एवढी कवळी घरी आणली. भिमाबाईनं त्यांचंच भरीत केलं.

संध्याकाळी त्यानं माझी राख काढली, पाणी भरलं आणि पऱ्हाटी रचली. काय ती रचली! सगळी एका बाजूला कलंडलेली. दुसऱ्या दिवशी असा धूर झाला की भिमाबाई खोकून खोकून शिव्या देत होती. अजूनही त्याला चांगुणासारखं जमत नाही, आणि मी त्यावरून रोज कुरकुरतो.

भिमाबाई परत गेली त्याच्या दुसऱ्या सकाळची गोष्ट सांगतो आणि थांबतो. घरात इंद्रभान एकटा. जाळ लागला होता. सागरचा फोन आला.

"बाबा, उठले का?"

"मंग बोलतो," इंद्रभान म्हणाला. "बंब तापला हाये."

आईच्या याच हाकेनं सागर लहानपणी रोज जागा झाला होता. त्यानं हळूच विचारलं, "मोडीत नाई देला ना, बाबा?"

मित्रांनो, मला चिंचेनं घासा, माझी राख वेळेवर काढा, हे तर मी सांगणारच, म्हातारा झालो आहे. पण त्याहून एक मागणं आहे. आपल्या आंघोळीचं पाणी घेताना पुढच्याचं ओतत जा. पुढं कुणी नसलं तरी ओता, उद्या सकाळी उठणारे तुम्ही तर असालच. माझ्या तळाशी चांगुणाचं पाणी अजून आहे. किती, ते इंद्रभानही विचारत नाही. तो रोज बादली ओततो.