करवलीची घरगाडी

माझं डोकं गरम आहे, हे अख्ख्या अक्कलकोट रोडला माहीत आहे. बॅटरीचं दुकान चालवतो, बावीस वर्षं झाली. गिऱ्हाईक गाडी लावून उभं राहिलं की मी म्हणतो, "दोन मिनिटं." अर्धा तास लागला तरी दोनच मिनिटं. आमच्या धंद्यात सगळे असंच म्हणतात. खरा वेळ सांगितला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.

पण ही गाडी गिऱ्हाइकाची नव्हती, माझी होती. माझ्या पोरीला, अपेक्षाला, घाम येत नाही. जन्मापासूनच. डॉक्टर म्हणाले, अंगात घामाच्या ग्रंथीच नाहीत, उष्णता झाली की ताप चढणार, तेवढं सांभाळा. सोलापुरात राहून ऊन सांभाळा म्हणजे काय, सांगा की. मार्च ते जून पोरगी एका खोलीत, एसीखाली. सोळा वर्षांची झाली तरी उन्हाळ्यातलं एक लग्न तिनं पाहिलं नव्हतं.

माझी थोरली बहीण चंद्रव्वा, आमची अक्का, दुधनीला दिलेली. तिच्या कावेरीचं लग्न मे महिन्यात ठरलं आणि कावेरीनं फोनवर सांगून टाकलं, करवली अपेक्षाच. दुसरी कुणी पाठीशी उभी राहिली तर मी बोहल्यावर चढणार नाही. पोरगी त्या दिवशी जेवलीच नाही आनंदानं.

मग मीही इरेला पेटलो. शाळेची एक जुनी बस घेतली. बाकडी काढून आत पलंग, शेगडी, छोटी मोरी केली, छतावर एसी बसवला, त्याला चार बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर. मोटरहोम म्हणतात त्याला. गल्लीत सगळे घरगाडी म्हणायला लागले. बेत सरळ होता. मंडपाला लागून गाडी लावायची, अपेक्षानं आत गारव्याला बसायचं, अक्षतांच्या वेळी पंधरा मिनिटं करा-दिवा घेऊन नवरीमागं उभं राहायचं आणि परत आत यायचं.

साडेदहाला दुधनीत पोचलो. डांबर चपलेला चिकटत होतं. अपेक्षा मोरपंखी साडी नेसून गाडीच्या दारात आली तशी अक्का भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावली.

"खाली उतरू नगंस बाई, तितंच पायरीवर थांब. पयल्यांदा आलीयास लग्नाला."

तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी ओतलं. गार पाणी लागलं तसे पोरीनं डोळे मिटले. म्हणाली, "आत्या, अजून ओत की." अक्कानं घागरच मागवली आणि सगळी रिकामी केली. बायका हसल्या. मीही हसलो.

पंधरा मिनिटांत एसी बंद पडला.

"दोन मिनिटं," मी म्हणालो.

मीटर लावून बघितलं. बॅटऱ्या ठणठणीत, एक्कावन्न व्होल्ट. टर्मिनल घट्ट, फ्यूज शाबूत. स्विच पाडून परत चढवला. ना पंखा, ना दिवा. पत्र्याची गाडी उन्हात उभी, तिला तापायला किती वेळ लागतोय? माझी बायको उत्कर्षा म्हणाली, "अहो, निंगप्पा भावजींच्या कारला एसी आहे. पोरीला तिच्यात बसवू." निंगप्पा म्हणजे अक्काचे दीर. मी खेकसलो, "बावीस वर्षं हेच करतोय मी. दोन मिनिटं म्हटलं ना." खरं सांगायचं तर मला निंगप्पांपुढं हात पसरायचा नव्हता. आल्या आल्या ते म्हणाले होते, "बसचं घर केलंय व्हय?" आणि हसले होते. ते हसणं माझ्या डोक्यात बसलं होतं.

उत्कर्षानं टॉवेल भिजवून आणला. एरवी आमचा तोच उपाय. अपेक्षानं हात आडवा धरला.

"साडी भिजेल मम्मी. पप्पा करतायत ना."

गावातली लाईट सकाळपासून गेलेली. मंडपाच्या जनरेटरवरून वायर ओढली. एसी लावला तसा जनरेटर घुसमटला आणि मंडपातले पंखे, स्पीकर सगळं गार झालं. लोक ओरडायला लागले. साउंडवाल्यानं येऊन माझी वायर उपटली.

मग पायरीची फळी उचकटली. जागा वाचवायला इन्व्हर्टर मीच पायरीखाली बसवला होता. फळी निघाली आणि आतून पाणी वाहिलं. बोर्ड जळून काळा पडलेला. एवढा वेळ मी बॅटऱ्या तपासत बसलो होतो. हे काम आता दुधनीत दोन दिवसांतही झालं नसतं.

नेमकी अक्का सरबत घेऊन आली. "काय झालं रं? लई मोटा बिघाड हाय का?"

तुझ्या पाण्यानं झालं, असं कसं सांगू? लेकीच्या लग्नात तिच्या जिवाला घोर कशाला? फळी परत ठेवली. म्हटलं, "न्हाय अक्का. जुनी गाडी, चालायचंच."

उत्कर्षानं थर्मामीटर माझ्या तोंडासमोर धरला. एकशे तीन. अपेक्षाचे डोळे लाल झाले होते, आणि तरी बोटांनी ती निऱ्या सारख्या करत होती.

"पप्पा, झालं?"

 मी नकारार्थी मान हलवली. त्यानंतर उत्कर्षानं मला काही विचारलं नाही. बादली उचलली आणि पोरीच्या डोक्यावर ओतली. साडी अंगाला चिकटली. अपेक्षा रडली नाही, साडीकडं बघत राहिली. निंगप्पांनी गुपचूप कार आणली, एसी आधीच सुरू केलेला. हसले असते तर बरं झालं असतं.

मी कारमध्ये बसायला निघालो, तर अक्कानं दंड धरला. "नवरीचा मामा हायस तू. तुज्याबिगर पोरीला मंडपात कोन आननार?" उत्कर्षा म्हणाली, "राहा तुम्ही. तुमच्या येण्यानं आता काय होणार आहे?" आणि कार अक्कलकोटच्या दवाखान्याकडं गेली.

कावेरीचा हात धरून मीच तिला मंडपात आणलं. शेजारच्या घरातली एक मुलगी करा-दिवा घेऊन उभी केली होती. कावेरीनं वळून तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मान खाली घातली. मुहूर्त कुणासाठी थांबतोय? अक्षता पडल्या. माझ्या मुठीतल्या तशाच राहिल्या.

लोक पंगतीकडं वळले तेव्हा फोन वाजला. नंबर उत्कर्षाचा, आवाज अपेक्षाचा. सलाईन लावलंय, ताप उतरायला लागलाय, म्हणाली. मी फोन घेऊन मंडपामागं गेलो.

"पप्पा, माझ्या जागी कोण उभं राहिलं?"

"कुणी नाही बाळा," मी म्हणालो. "कावेरीनं राहूच दिलं नाही कुणाला. तुझी जागा मोकळीच ठेवली."



"ग्रुपवर फोटो आलाय पप्पा."

मुठीतल्या अक्षता मी खिशात टाकल्या.

"छान दिसतीय ती करवली," अपेक्षा म्हणाली, आणि फोन तिच्या आईकडं दिला. उत्कर्षा काहीतरी सांगत होती, औषधांचं असावं. मी नुसता हूं हूं करत राहिलो.