इग्नातच्या दिवशीचा पायगुण

माझा पायगुण वाईट आहे असं माझी सासूसुद्धा कधी म्हणाली नव्हती. गोर्नो इझ्वोरोव्हो गावानं मात्र ते अर्ध्या तासात ठरवून टाकलं.

१९९९च्या डिसेंबरातली वीस तारीख होती. मी मध्यवर्ती बँकेची तपासनीस. गावातल्या एका लहानशा खासगी बँकेची शाखा तपासायला राजधानी सोफियाहून पहाटेच्या बसनं आले. बँक उघडायला अवकाश होता आणि थंडी हाडं फोडत होती. पहारेकऱ्याला दया आली, त्यानं दार उघडलं, आणि मी थेट शेगडीपाशी जाऊन हात शेकत उभी राहिले. तेवढ्यात शाखेचा मॅनेजर ल्युबेन मागच्या खोलीतून आला. मला पाहून तो भिंतीसारखा पांढरा पडला.

"बाई, सगळ्यांच्या आधी तुम्ही आलात आत?"

"मग काय बाहेर गोठून मरू?"

त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आज संत इग्नातचा दिवस. या दिवशी बाहेरचं जे माणूस उंबरठा ओलांडून पहिलं आत येतं, त्याच्या पायगुणावर घराचं अख्खं वर्ष जातं. घराचं, गोठ्याचं, आणि या गावात बँकेचंही. ल्युबेन दरवर्षी त्यासाठी गेंचो बेकरीवाल्याला बोलवायचा. गेंचो गोलमटोल, हसरा, हात लावील ते फुगवणारा माणूस. आणि यंदा त्याच्या जागी कोण, तर काळा कोट घातलेली, हातात चामडी बॅग घेतलेली सरकारी तपासनीस.

गेंचो आला तोही शेगडीतला जाळ ढवळायची फांदी घेऊनच. काचेतून मला पाहून त्यानं पहारेकऱ्याला विचारलं, "ही कोण बया?"

"मध्यवर्ती बँकेची. तपासायला आलीय."

गेंचोनं फांदी पायरीवर ठेवली आणि आल्या पावली बेकरीत परत गेला. तिथे निम्मं गाव पावासाठी रांगेत होतं. थोड्याच वेळात ती रांग जशीच्या तशी बँकेच्या दारात येऊन उभी राहिली.

लोकांचंही काय चुकलं म्हणा. तीनच वर्षांपूर्वी देशातल्या एकामागून एक बँका बुडाल्या होत्या. ल्युबेननं मला कोपऱ्यात ओढलं.

"तिजोरीत दुपारपर्यंत पुरेल एवढीच रोकड आहे. बाकीचा पैसा कौलांच्या कारखान्यात आणि टोमॅटोवाल्यांकडे कर्जाऊ आहे. प्लोव्हदिव्हहून रोकडीची गाडी उद्या येईल. आज दुपारी मी खिडकी बंद केली, तर संध्याकाळी आमच्या सगळ्या शाखांपुढे अशीच रांग लागेल. मग संपलंच सगळं."

त्याचे कागद मी आधीच पाहिले होते. बँक ठणठणीत होती, सोफियातल्या कित्येकींपेक्षा बरी. पण ते मी बोलायचं नाही, असा नियम. आणि बोलून तरी काय? मागच्या वेळी टीव्हीवर एक साहेब 'बँका भक्कम आहेत' म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं. आमच्याकडून उसने पैसे देण्याचाही प्रश्न नव्हता. महागाईनं देश होरपळल्यावर कायद्यानं आमचे हात बांधले होते. एक लेव्ह छापायचा, तर आधी कपाटात एक जर्मन मार्क दाखवा. मला मनातून फार राग आला. इतकी शिकलेली मी, आणि एका पावाच्या रांगेपुढे माझं काही चालेना.

गेंचोनं सगळ्यांत आधी पैसे काढले आणि खाली मान घालून निघून गेला. त्याच्यामागे आणखी तिघं. पाचवी त्सोना आजी, काळा रुमाल, लोकरीची पिशवी. ती खिडकीपाशी गेलीच नाही. सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"पोरी, पहिली आलीस, ते आलीस. जाळ ढवळलास का?"

"आजी, मी अधिकारी आहे."

"अधिकारी असशील तिकडे सोफियात. इथे तू पहिल्या पावलाची पाहुणी. तुझं काम अर्धं टाकलंस म्हणून तर पायगुण वाईट. ती फांदी आणा रे कुणीतरी."

ल्युबेन माझ्याकडे असा बघत होता, की मला नाही म्हणवेना. मी गुडघे टेकले, शेगडीचं लोखंडी दार उघडलं आणि फांदीनं निखारे ढवळले. लहानपणी पाठ केलेले शब्द कसेबसे आठवले. "जितक्या ठिणग्या, तितकी पिल्लं, तितकी कोकरं, तितके लेव्ह..."

"लेव्ह नको गं बाई, मार्क म्हण," मागून कुणीतरी म्हणालं.

"आता दोन्ही एकच आहेत. कायदाच आहे तसा," मी म्हणाले, आणि सगळी रांग हसली.

"आता बस," आजी म्हणाली. "पाहुणी बसली की कोंबड्या अंड्यांवर बसतात, आणि उठली की उठतात. आमचे पैसेही तसेच. बघू किती वेळ बसतेस."

मी शेगडीपाशी स्टुलावर बसले. रांग तशीच राहिली, पण पुढे सरकेना. ही बया बसली आहे तोवर घाई कसली, असं जो तो म्हणू लागला. कुणी अक्रोड आणले, कुणी भोपळ्याचं सारण भरलेली खुसखुशीत बानित्सा. वाइनची बाटलीही फिरली. माझे पाय बधिर झाले. मी अंमळ हलले की चाळीस डोळे माझ्या गुडघ्यांवर. मोरीला जायचं म्हटलं, तर आजी म्हणाली, "कोंबडी जाते का?"

दुपारी सोफियाहून माझ्या साहेबांचा फोन आला. ल्युबेननं वायर ताणून फोन माझ्या मांडीवर आणून दिला.

"काय चाललंय तिकडे?" साहेब.

"बसले आहे."

"बसलात? कशासाठी?"

"लोकांचे पैसे उठू नयेत म्हणून."

साहेब म्हणाले, "बसा मग."

परतीची शेवटची बस चौकात येऊन उभी राहिली, तेव्हा त्सोना आजीलाच माझी दया आली. "ऊठ पोरी, पुरे झालं. तुझी बस जाईल."

मी उठायला हात टेकले. आजी मात्र हातातल्या पासबुकाकडे बघत होती. "बँका बुडाल्या त्या वर्षी आमच्या म्हाताऱ्याच्या औषधाचे पैसे दुसऱ्या बँकेत होते," ती हळूच म्हणाली. "मी चार दिवस बर्फात दारापुढे उभी होते. टीव्हीवर सोफियाची माणसं पुष्कळ बोलली. आमच्यात येऊन बसलं मात्र कुणी नाही."

मला लाज वाटली, फार वाटली. मी पुन्हा स्टुलावर बसले आणि कोटाची बटणं काढली. बाहेर बसनं दोनदा हॉर्न दिला आणि ती निघून गेली.

आजीनं ती जाताना पाहिली. मग पासबुक पिशवीत टाकलं, रुमालाची गाठ आवळली आणि रांगेकडे वळून म्हणाली, "चला गं, घरी कोंबड्या उपाशी आहेत."

ती गेली, आणि तिच्यामागे एकेक करत सगळी रांग गेली. मी बँक बंद होईपर्यंत बसून राहिले.