चहाच्या आधीचं आमेन

कापसाचा बोळा अजून तसाच होता – कोपराच्या आतल्या बाजूला, पांढऱ्या चिकटपट्टीखाली, मधोमध मोहरीएवढा तपकिरी डाग – आणि काल रक्त घेणाऱ्या मुलीनं दहा मिनिटांनी काढून टाका म्हणून बजावलं होतं तरी कुमुदिनीनं तो काढला नव्हता, का ते तिलाही सांगता आलं नसतं... चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेत ती पोरांकडून असाच कापूस चिकटवून घ्यायची, पुठ्ठ्याच्या मेंढ्यावर. डोंगरावरचा धडा. देवाला अर्पण करायला मुलाला घेऊन गेलेला म्हातारा बाप, सुरी, ऐन वेळी थांबवणारा वरून आलेला आवाज आणि मुलाऐवजी कापला गेलेला, झुडपात शिंगं अडकलेला मेंढा. बावीस वर्षं शिकवला तिनं तो, आणि बावीस वर्षांत एकाही पोरानं मेंढ्याबद्दल काही विचारलं नाही. पोरांचं सगळं लक्ष सुरीकडे.

उल्हासनगरातल्या हॉस्पिटलच्या बाकड्यावर तिच्या एका बाजूला दिनानाथदादा, दुसऱ्या बाजूला संध्यावहिनी. म्हणजे पळून जायचं मनात आलंच तर कुणाच्या तरी गुडघ्यांवरून जावं लागणार. आत मात्र तिला एकटीलाच बोलावणार होते. कॅमेरा लावतात म्हणे, आणि विचारतात – भावाला किडनी खुशीनं देताय ना?

"काही खाल्लंस का, कुमे?" दादा म्हणाला. त्याचा चेहरा सुजला होता. डायलिसिसचे तीन दिवस सोडले तर उरलेले चार दिवस तो डायलिसिसबद्दलच बोलायचा. "हिनं पोहे आणलेत."

"किडनीला चालतील का विचार आधी. आजपासून तिची बडदास्त वेगळी."

दादा हसला. वहिनी हसल्या नाहीत. "असं बोलू नये, कुमुदताई. प्रभूचं काम आहे हे."

प्रभूचं काम. ते सुरू झालं दीड महिन्यापूर्वी, सोनिवलीला, दादाच्या नव्या फ्लॅटमध्ये, घरगुती प्रार्थनासभेत. त्याच्या आदल्या दिवशी वहिनींनी फोनवर विचारलं होतं, "तुमचा रक्तगट ह्यांच्याशी जुळतो ना?" आणि कुमुदिनी म्हणाली होती, "बघू." आता या घराण्यात तीन पिढ्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असाच होत आलाय, पण वहिनी पडल्या नगरच्या. सभेत चहाचं कुमुदिनीकडे होतं – लग्न न केलेल्या बाईकडे चहाचं असतंच – आणि पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली तेव्हा आत गॅसवर दोन लिटर दूध होतं. पाळकसाहेबांची प्रार्थना म्हणजे राज्यकर्ते, मंडळी, आजारी, विधवा, परीक्षेला बसलेली मुलं आणि चिखलोलीचं होऊ घातलेलं स्टेशन, कारण मंडळीतल्या तीन कुटुंबांनी तिथं घरं घेतली होती. कुमुदिनीचे डोळे मिटलेले आणि कान दुधाकडे. मध्ये कुठंतरी आपलं नाव आल्यासारखं वाटलं. पण आजाऱ्यांच्या सेवेत आपलं नाव गेली तीस वर्षं येतच होतं. आणि सगळं संपल्यावर, ऐकलं नाही याची लाज वाटून, तिनं 'आमेन' म्हटलं – खणखणीत, सगळ्यांच्या वर.

डोळे उघडले तर वहिनी रडत होत्या. सगळी मंडळी तिच्याकडे बघत होती. पाळकसाहेबांनी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "ताई, आपल्या देहाचा भाग भावासाठी वाहायचा... असं समर्पण मी माझ्या सेवेत पाहिलं नाही."

दूध उतू गेलंच होतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण काय बोलणार? पाळकसाहेब, माफ करा, मी ऐकत नव्हते, ते आमेन परत घेता येईल का? आमेन परत घ्यायची सोय मंडळीच्या घटनेत नाही. चहा दिला. लोकांनी तो उभं राहून घेतला, जरा जास्तच आदबीनं.

आणि मग तो मेंढा डोक्यात बसला. तो काही अर्पण व्हायला डोंगरावर गेला नव्हता. पाला खायला गेला असेल, शिंगं अडकली. पण अडकलेल्याला समर्पित म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे... एकोणिसाव्या वर्षी मिरजेला नर्सिंगला जायचं ठरलं होतं माझं, फॉर्म भरून तयार होता, आणि आईचं अर्धं अंग गेलं. बाबांनी जेवणाआधी तो विषय देवापुढं मांडला. त्या वेळचा शब्दन् शब्द मी ऐकला होता, आणि तरीही आमेन म्हटलं. अकरा वर्षं आईचं केलं. फॉर्म कपाटात जपून ठेवला होता. दोन हजार पाचच्या पुरात बदलापूरच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरासकट तोही गेला. तीही प्रभूचीच इच्छा म्हणायला हवी. त्याची इच्छा या घराचा पत्ता कधी चुकली नाही, फक्त दरवेळी बेल माझीच वाजवली. सोहमचासुद्धा, दादाच्या मुलाचा, रक्तगट जुळतो. सत्तावीस वर्षांचा आहे, जिमला जातो. पण सोहमबद्दल देवाची इच्छा अजून स्पष्ट झालेली नाही. "त्याचं अख्खं आयुष्य पडलंय हो," वहिनी म्हणाल्या होत्या. माझं बहुतेक उचलून ठेवलंय कुणीतरी.

"कुमुदिनी रणनवरे?"

खोली लहान होती. टेबलामागची मुलगी तिशीची, गळ्यात ओळखपत्र – करिष्मा. "बसा ना ताई. माझं मराठी थोडं मिक्स आहे हां, इथल्या कॅम्प दोनची सिंधी आहे मी." कॅमेऱ्याचं तोंड अजून भिंतीकडे होतं. "चालू करायच्या आधी सगळ्यांना सांगते ते तुम्हाला पण सांगते. तुम्ही 'ना' बोललात, तर बाहेर आम्ही एवढंच बोलतो की डॉक्टरनी डोनर पास नाही केला. बस. क्यूं, कैसे, काही नाही. घरात तुमच्यावर काही येणार नाही."

"म्हणजे खोटं सांगणार?"

"खोटं कशाला? मन नसेल तर माणूस अनफिटच ना, ताई."

झुडूप. आणि शिंगं सोडवायला आलेली ही कॅम्प दोनची पोरगी. वरून आवाज वगैरे काही नाही, नुसता एसीचा. कुमुदिनीला हसू आलं. आता 'नाही' म्हणायचं, बाहेर जायचं, पोहे खायचे. पाळकसाहेब म्हणतील, देवानं तुझी तयारी पाहिली, तेवढं पुरे. इतकं सोपं... मग जीभ का उचलत नाही?

फॉर्म भरला त्या आठवड्यातली दुपार. ती आईची चादर पिळत होती, दादा मोरीच्या दारात उभा. "मी थांबतो घरी," तो म्हणाला. "तू जा मिरजेला." तो दुसऱ्यांदा म्हणेल म्हणून वाट बघत राहिली, चादर पिळून झाली तरी. तो म्हणाला नाही. पण एकदा म्हणाला होता. या घरात तिला 'तू जा' म्हणणारा तेवढाच एक माणूस, आणि तेही एकदाच.

आणि दीड महिन्यात त्यानं एकदाही स्वतः विचारलं नव्हतं. पाळकांनी देवाला सांगितलं, वहिनींनी मंडळीला, मंडळीनं आभार मानले. कुमे, देशील का? – एवढं म्हणाला असता तर दिली असती मी. शिव्या घालत दिली असती, पण दिली असती. खरा राग आहे तो हा. ह्यांनी घेतलं, आणि घेता घेता माझं देणंच काढून घेतलं.

करिष्मानं कॅमेरा वळवला. लाल ठिपका लागला. "कुणाचा दबाव आहे का तुमच्यावर? तुमची स्वतःची काय इच्छा आहे?"

तिनं सवयीनं डोळे मिटले.

"प्रेयर करताय का? करा, मी थांबते."

"नाही हो," ती म्हणाली आणि डोळे उघडले. कोपराची चिकटपट्टी नखानं उचकटली. लव ओढली गेली, चरचरलं. बोळा टेबलावर ठेवला. तुझी इच्छा, माझी नको – बावन्न वर्षं देवापुढं घोकलेलं तोंडात आपोआप यायला हवं होतं. ते आलं नाही. दाराच्या काचेपलीकडे दादाची पाठ दिसत होती, जरा वाकलेली. आमेनही आलं नाही. तोंड नुसतं रिकामं होतं, दात पडल्यावर जीभ जिथं जाते त्या जागेसारखं, आणि त्या रिकाम्या जागेची तिला भीती वाटली, आणि ती घाईघाईनं, 'हो'नं किंवा 'नाही'नं, कशानंही भरायची नाही एवढं मात्र तिला, पहिल्यांदाच, पक्कं ठाऊक होतं.