कोमटबाईंनी पाय धरले नाहीत

"सिस्टर, पाय वर धरा," सर्जन म्हणाला.

कोमटबाई हाताची घडी घालून उभ्याच. टेबलावर पाच महिन्यांचं बाळ उताणं पडून मूठ चोखत होतं. शौचाच्या जागेशेजारी बोराएवढा लालबुंद फोड. ड्रेसिंगच्या खोलीत अशी बाळं धरता धरता बाईंची एकतीस वर्षं गेली होती. कशावरही आधी कोमट पाणी सांगायच्या, म्हणून वॉर्डानं ठेवलेलं हे नाव.

"ताप नाही, दूध पितंय. दोन दिवस कोमट पाण्यात बसवू. फुटेल आपोआप."

"पू दिसला की चिरा द्यायचा. पुस्तकात आहे."

"मोठ्या माणसांच्या पुस्तकात. एका पोराला असाच चिरा दिला, आत पुवाची वाट राहिली, वर्षभर वाहत होती, पुन्हा पुन्हा चिरावं लागलं. तीनदा पाय धरले मी त्याचे. चौथ्यांदा मला दारात बघूनच त्यानं हंबरडा फोडला."

बाळाची आई कोपऱ्यातून कुजबुजली, "सिस्टर, नका ना उलट बोलू. डॉक्टर चिडतील."

"चिडले तर माझ्यावर चिडतील, पोरी. तू टब आण."

"ताप चढला तर?" सर्जननं विचारलं.

"तर लगेच इथं आणेन. पाय मीच धरेन."

"ठीक. पण तक्रार मेट्रनकडे जाणार."

"जाऊ दे. वाट माहीत आहे तिला."

दिवसातून चार वेळा बाई पाण्यात कोपर घालून बघायच्या, मगच बाळाला बसवायच्या. दर तीन तासांनी ताप बघायच्या. पहिल्या संध्याकाळी फोड आणखी टरारला.   बाईंचा जेवणाचा डबा तसाच परत गेला.

दुसऱ्या दुपारी बाळ पाणी उडवत असताना टबात पुवाचा पिवळा धागा तरंगला. "अगंबाई!" आई किंचाळली. बाईंनी दाबलं नाही, पिळलं नाही. जे यायचं ते येऊ दिलं.

सर्जन वाकून बघत होता, तोच बाळानं त्याच्या बाहीवर धार सोडली. आईनं पदर तोंडाला लावला.

"नशीब चांगलं," बाही झटकत तो म्हणाला.

"नशीब कागदावर लिहिता येत नाही, डॉक्टर. चिरा दिला नाही, असं लिहा. उद्या दुसरं बाळ येईल, तेव्हा मी इथं नसेन."

मेट्रनची चिठ्ठी सकाळीच आली होती. कपड्यांच्या कोठारात बदली.

त्यानं पेनचं टोपण काढलं. केसपेपरवर लिहिलं: 'चिरा दिला नाही.'

बाईंनी चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं. "'नाही'खाली रेघ मारा. घाईत नजरेतून सुटतं."

त्यानं रेघ मारली.

बाईंनी टब घासला, उन्हात उपडा घातला आणि एप्रन सोडून जिना उतरून कोठाराकडे गेल्या.