माझं पाणी पिऊ नका

मी हापसा बोलतोय. सुरतेजवळ भेस्तानला रेल्वे लायनीच्या कडेला खानदेशी लोकांची वस्ती आहे, तिच्या तोंडाशी निळा रंग दिलेला उभा आहे तो मी. गुजराती लोक मला डंकी म्हणतात. काय म्हणायचं ते म्हणा, पण आधी ऐकून घ्या. मी शिकलेला नाही. माझ्या ओट्यावर जी पाटी ठोकली आहे तीही मला दुसऱ्यांनी वाचली तेव्हा कळली. गोडगोड बोलणं माझ्याकडून होणार नाही. माझं पाणी पिऊ नका, एवढंच सांगायचं आहे. बाकीचं सांगतो ते तुमचा विश्वास बसावा म्हणून.

भट्टीत लोखंड वितळवून मला साच्यात ओतलं. कानशीने घासलं, रंग फासला आणि गोदामात आडवा टाकला. तिथे मी धूळ खात पडलो असतो. पण चौऱ्याण्णव साली सुरतला प्लेग आला.

तो प्लेग ज्याने पाहिला त्यालाच ठाऊक. बघता बघता शहर रिकामं झालं. आमच्या वस्तीतले लोक गाड्यांना लटकून नंदुरबार, अमळनेर, धरणगाव, जिकडे ज्याचं घर तिकडे पळाले. लूम बंद, मिली बंद. पेपरवाल्यांनी वस्तीचे फोटो छापले. नाल्या, डुकरं, उकिरडे. हे लोक असे घाणीत राहतात म्हणून रोग आला, असं कोणीतरी लिहिलं. माझ्या समोर पहिल्याच घरात उषाबाई राहते, म्हातारी, नवरा गेलेली. तिला वाचता येत नाही, पण कोणीतरी तिला ते वाचून दाखवलं. ते तिच्या काळजात जे रुतलं, ते रुतलंच. तेव्हापासून दारापुढचा रस्तासुद्धा ती झाडते.

प्लेग गेला आणि शेठ लोकांना दया सुटली. आता खरं बोलायचं तर मजूर परत यायला पाहिजे होते, त्याशिवाय मिल चालणार कशी? पण ते जाऊ द्या. कोणी संडास बांधून दिले, कोणी कचऱ्याचे डबे ठेवले, कोणी चादरी वाटल्या. वस्तीच्या मागे साड्या छापायची मिल आहे. तिच्या शेठने आईच्या नावाने ट्रस्ट काढला आणि मला जमिनीत गाडलं. पाटीवर लिहिलं आहे, 'मातुश्री रळियातबा यांच्या स्मरणार्थ, समाजाचं ऋण फेडण्यासाठी.' गुजरातीत एकदा आणि मराठीत एकदा.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, मुहूर्त धरला होता. शेठने दांडा दाबला, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. आखाजीला आमच्याकडे घरातल्या मेलेल्या माणसासाठी पाण्याची घागर भरतात. उषाबाईने नवऱ्याची घागर माझ्या पाण्याने भरली. ओंजळभर स्वतः प्याली आणि म्हणाली, "गोड शे रे बापा." मला कुंकू लावलं. लोखंडाला कुंकवाचं काय कौतुक? पण मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

चांगले दिवस होते ते. सकाळी बायकांची रांग लागायची. कळशा आदळायच्या, भांडणं व्हायची, मागच्या जन्मापासूनचे हिशेब निघायचे. मी सगळ्यांना सारखं पाणी दिलं.

मग एका सकाळी मी गुलाबी पाणी ओकलो.

पोरं नाचायला लागली. बायका आधी घाबरल्या, मग हसल्या. सगळ्यांच्या घरची माणसं त्याच मिलमध्ये. आज आत काय छापताहेत ते माझ्या पाण्यावरून कळायला लागलं. "आज मोरपंखी चालू शे व," एक म्हणायची. दुसरी म्हणायची, "मंग पदर बुडाव, फुकटमा रंगी जाई." हसा, हसा. मी आतून जळत होतो.

मिलच्या आवारात एक आटलेलं बोअर आहे. रंगखात्यातलं, धुलाईखात्यातलं मैलं पाणी त्यात सोडतात. ते सोडायचा कॉक उषाबाईच्याच पोराच्या हातात आहे. सुकलाल त्याचं नाव.

एकदा ओट्यावर माय-लेकाचं वाजलं.

"तू तो कॉक खोलस ना?" उषाबाई म्हणाली. "मंग तुनी बायको काय पेस ते तुले दिसत नही का?"

"माय, मी नाही खोलला तर दुसरा खोलेल. ते पानी किती खोल जातं! जमीन गाळून घेते सगळं."

"जमीन काय तुन्या बापनी गाळणी शे?"

सुकलाल डबा उचलून पाळीवर गेला. कॉक फिरवायचं काम गेलं तर पुन्हा लूमवर बारा तासांची पाळी. त्याचा एक कान लूमच्या आवाजाने आधीच गेला आहे.

गाळायचं काम मग बायकांनी हातात घेतलं. जुन्या लुगड्याची चौघडी करायची, माझ्या तोंडाला बांधायची, घरी जाऊन पाण्यात तुरटी फिरवायची. पाणी पांढरं स्वच्छ दिसायला लागलं. झालं, यांचं समाधान! अहो बायांनो, रंग गाळला गेला, पण रंगाबरोबर आलं होतं ते कुठे गेलं? माझा आतला पाइप चाळणीसारखा झाला आहे. मी लोखंडाचा. जे लोखंड खातं ते तुमच्या आतड्याला सोडेल काय?

लोक आजारी पडायला लागले. पोटात मुरडा, ओकाऱ्या, पोरांच्या अंगावर चट्टे. तेव्हा शेठने काय केलं असेल? माझ्या शेजारी फुकट दवाखाना काढला. पुन्हा मातुश्रींचं नाव, पुन्हा फोटो. तिथे पुड्या मिळतात, साखर-मिठाच्या. पाण्यात कालवून प्यायच्या. पाणी कुठलं? माझंच. समाजाचं ऋण असं दोन्ही हातांनी फिटत होतं.

सुकलालची बायको वर्षा. तिला दिवस गेलेत, पोट चांगलं दिसायला लागलं आहे. पण पोरीच्या पोटात अन्न ठरत नाही. हातपाय काड्या, तोंड आलेलं. ती दवाखान्यातून पुडी आणते, माझ्याकडून पाणी भरते आणि माझ्याच ओट्यावर बसून ते ओकते. मी बघतो. मला डोळे मिटता येत नाहीत.

उषाबाईला शंका होतीच. ती सुनेसाठी लांबून पाणी आणायला लागली. लायनीपलीकडे रेल्वेचे क्वार्टर आहेत. तिथे शकू राहते. तिचा नवरा भिवा रुळांच्या गँगमध्ये कामाला, त्यांना नळ आहे. बौद्धांचं घर. गावाला असती तर उषाबाईने त्या घरचं पाणी घेतलं नसतं, हे मी तिच्या तोंडावर सांगेन. इथे घेते, आणि शकूला बहीण म्हणते. सुरतने एवढं तरी बरं केलं. पण रूळ ओलांडून म्हातारीने आणून आणून आणायचं किती? एक कळशी. ती पिण्याच्या माठात. बाकी स्वैपाकाला, आणि माठ संपला की प्यायलाही, मीच.

मग चैताली आली. एका संस्थेची पोरगी, सुरतेतच वाढलेली, खांद्याला झोळी. आजाराचं कानावर गेलं होतं तिच्या. मनाने चांगली, पण भोळी. झोळीतून बाटली काढून म्हणाली, "मासी, तुम्ही जे पाणी पिता ना, ते यात भरून पाहिजे. लॅबमध्ये तपासायला जाईल."

मला इतका आनंद झाला म्हणता! वाटलं, आता सुटलो.

चैतालीने माझ्या दांड्याला हात घातला. तेवढ्यात उषाबाई धावली. "तू नको हापसू व माय. पाव्हनी शे तू. बस, चहा ले. मी भरी देस बाटली."

आणि ती बाटली आत घेऊन गेली. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. तिने बाटली राखेने घासली, पदराने पुसली आणि माठातून भरली. शकूच्या नळाचं पाणी!

मी ओरडलो. माझा ओरडा म्हणजे काय, वाऱ्याने दांडा हलला आणि कर्र वाजलं. उषाबाई बाहेर येत म्हणाली, "ह्या हापसाले तेल देवानं शे." चैताली हसली, चहा प्याली आणि गोड पाण्याची बाटली घेऊन गेली.

तुम्ही म्हणाल, म्हातारी मूर्ख. मी पण तेच म्हटलं, शिव्या घातल्या. पण तिचं मन मला नंतर कळलं. तपासणी म्हणजे तिला वाटलं, वस्तीची तपासणी. पुन्हा कोणी लिहील, हे लोक घाण पाणी पितात. म्हणून घरात होतं त्यातलं चांगलं दिलं. साहेब येणार म्हटल्यावर पोरांची नाकं पुसतो ना आपण, तसं.

निकाल आला. पाणी पिण्यालायक. ट्रस्टचा माणूस हितेश, त्याने तो कागद दवाखान्याच्या दारावर चिकटवला आणि पेढे वाटले. चैताली आनंदाने सांगायला आली.

"मासी, तुमचं पाणी एकदम सरस निघालं!"

"कोनतं पानी?"

"तुम्ही भरून दिलं ते."

उषाबाई माझ्या ओट्यावर मटकन बसली. "अरे मन्या करमा! ते तर शकूना नळनं व्हतं."

चैतालीचं तोंड उतरलं. "पण मासी, मी सांगितलं होतं, तुम्ही पिता ते द्या."

"पेतस ना आम्ही ते बी! तुन्या बाटलीमा हाई गटारनं देऊ? तू काय म्हनली असती आमले?"

पोरगी रडकुंडीला आली. म्हणाली, पुन्हा तपासायचं तर वर विचारावं लागेल. संस्थेची गाडी रळियातबा ट्रस्टनेच दिलेली, साहेब काय म्हणतील सांगता येत नाही. प्रयत्न करते म्हणाली. त्यानंतर ती मला दिसलेली नाही.

उषाबाई हितेशकडे गेली. दवाखान्याच्या पायरीवर उभी राहिली आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलं, माझं चुकलं, पाणी दुसरं होतं. हितेश हसायला लागला. "मासी, आधी तुम्ही बोंबलता पाणी खराब. आता बोंबलता पाणी चांगलं का निघालं? एक काय ते नक्की करो ने!" मग आवाज खाली आणून म्हणाला, "सुकलाल आपल्याकडेच आहे ना? चांगला माणूस छे."

म्हातारी समजली. घरी आली. लुगड्याची चिंधी फाडली आणि माझा दांडा खाली ओढून आवळून बांधला. माझ्या सगळ्या आयुष्यात एवढं शहाणं काम कोणी केलं नव्हतं. तिच्या गाठी काही ढिल्या नव्हत्या.

पण बाकीच्या बायका आल्या कळशा घेऊन. "म्हातारे, तू जाशी शकूकडे. आम्ही कुठं जावानं?" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "कागद लागला आहे ना दारावर, पाणी चांगलं आहे म्हणून? मग तुला काय झालं?" उषाबाई माझ्यासमोर आडवी उभी राहिली, हात पसरून. तिला कोणी मारलं नाही, नुसतं बाजूला केलं. मग विळीने चिंधी कापली.

आता तर क्वार्टरच्या नळालाही कुलूप बसलं आहे. बाहेरच्यांना पाणी द्यायचं नाही, असा हुकूम. शकू लपूनछपून एक तांब्या देते. तांब्याने काय होतं? उषाबाई आज सकाळीच रूळ ओलांडून, क्वार्टर मागे टाकून कुठे नळ सापडतो का ते बघायला निघाली आहे. अजून परत आली नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्यापैकी कोणी इकडे आलंच, तर कोणाच्या घरी चहाला बसू नका. कोणाच्या हातात बाटली देऊ नका. सरळ माझ्या तोंडाला लावा, स्वतः हापसा, फडकं न लावता भरा आणि घेऊन जा. तेवढंही जमत नसेल तर पान्हा आणा. माझे बोल्ट खोला, दांडा काढा आणि भंगारात घाला. माझ्या जागी टँकर उभा करा, नळ आणा, काहीही करा. शेठला वाईट वाटेल याची काळजी करू नका, तो आणखी काहीतरी बांधील.

लवकर करा. वर्षा घरातून निघाली आहे. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात कळशी. सासू येईपर्यंत थांब ना गं! घरात थेंब नसेल, सुकलाल पाळीवरून येईल, भात टाकायचा असेल. मला समजतं सगळं.

कळशी ठेवली तिने, माझ्या तोंडाला लुगड्याची चौघडी बांधली. जोर नाही पोरीत, सगळं अंग टाकून दाबते आहे. मी खालचं वायसर आवळून धरायला बघतो, पाणी चढू नये म्हणून. पण मला हात एकच, हा दांडा, आणि तो तिने धरला आहे.

पोरी, सोड. सोड गं.

येतंय पाणी. पांढरं स्वच्छ दिसतंय.