स्वच्छ म्हणून आणलेलं रक्त

रक्त गोठवायच्या नळीवर नाव लिहीत नाहीत, फक्त आकडा.

बाबांच्या कपाटात, मोज्यांच्या मागे, घट्ट झाकणाचा एक डबा.

बुरशीचं विष खाण्यातून रक्तात जातं आणि तिथल्या प्रथिनाला चिकटून बसतं. माणूस काय खाल्लं ते विसरतो. रक्त दोन-तीन महिने तरी विसरत नाही.

"आला बघ डास," म्हणत बाबांनी बाही वर केली.

डास म्हणजे त्यांची लेक. दुसऱ्या शहरात, प्रयोगशाळेत, ती लोकांच्या रक्तातलं हे विष मोजते. तुलनेला स्वच्छ रक्त लागतं. ते तिथली माणसं आपापल्या घरून आणतात. आपल्या घरचं खाणं चांगलंच, असं तपासणाऱ्यांनाही वाटतं.

आईचं कमी आलं. भावाचं कमी. बाबांचं इतकं वर गेलं, की तिने चाचणी पुन्हा लावली. मग पुन्हा.

"यंत्राला नावं ठेवू नकोस," प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या. "घरी जा."

बाबांच्या यकृतात तरुणपणापासून काविळीचा विषाणू ठाण मांडून होता. अशा माणसाला हे विष कितीतरी पटीने घातक. नव्या मुलांना हे तीच शिकवायची.

घरी तिने पीठ हुंगलं, तांदूळ पाखडला.

"माझ्या स्वयंपाकावर येऊ नकोस," आई कडाडली. "तुझे बाबा बाहेर काय खातात ते विचार."

"बाहेर? तू सोडशील तर ना!" मग बाबा जरा लाजले. "तू पाठवतेस ते शेंगदाणे खातो. रोज मूठभर. लपवून ठेवतो. कुणाला देत नाही हं."

"कडू नाही लागले?"

"लागायचे काही काही."

"मग थुंकायचे ना, बाबा!"

"तू पाठवलेले?"

बाबांनीच तिच्या पाठीवरून हात फिरवला. "अगं, बाकीचे गोड होते."

सोनोग्राफीत गाठ दिसली. कापून काढण्याच्या पलीकडे गेलेली. नेमकी कशामुळे, ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. परक्या घरांत जाऊन हे वाक्य तिने स्वतः कितीदा म्हटलं होतं.

डबा रिकामा झाला. काही महिन्यांनी तिने बाबांचं रक्त पुन्हा तपासलं. स्वच्छ. तुलनेला चाललं असतं इतकं. तोवर बाबा अंथरुणातून उठेनासे झाले होते. आकडा सांगितला तेव्हा म्हणाले, "पास झालो म्हणायचं!" आणि खरंच खूश झाले. त्याच आठवड्यात गेले.

शिकायला असताना तिने वसतिगृहातून पहिल्यांदा दाणे पाठवले. त्याआधी जेवणात दाणा आला, तर बाबा तो ताटाच्या कडेला काढून ठेवत.