तिघांचं पाणी

मी कुंडी बोलतेय. झाड नव्हे, कुंडी. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण लोक माझ्याशी बोलायला म्हणून येतात आणि बघतात झाडाकडे. सतरा वर्षं मी हे सोसलंय. आज मात्र माझंच ऐका, कारण झालेला सगळा प्रकार पहिल्यापासून ठाऊक असलेली या घरात मी एकटीच होते, आणि मला तोंड नव्हतं.

माझा जन्म कुंभाराच्या चाकावर झाला. मी ओली असतानाच त्याने अंगठा दाबून माझ्या बुडाला भोक पाडलं. शेजारच्या माठांना भोक नव्हतं, त्यामुळे मला वाटलं आपल्यातच काही कमी आहे. भट्टीतून निघून रोपवाटिकेत गेले तेव्हा तिथल्या काकांनी मला उलटी करून भोकातून उजेड येतो का ते पाहिलं आणि म्हणाले, "ही चांगली आहे." तेव्हापासून त्या भोकाचा मला अभिमान आहे.

तिथून मला या घरच्या बाईंनी आणलं. त्यांनी माझ्यात पीस लिली लावली, पांढऱ्या फुलाची. घरी खिडक्यांना रंग चालला होता, डब्यात थोडा हिरवा ऑइलपेंट उरला होता, तो त्यांनी हौसेने मला फासला. दिसायला मी छान झाले, पण मातीच्या कुंडीचं अंग श्वास घेतं, त्यातून ओल बाहेर जाते, ते सगळं बंद झालं. बाईंना हे माहीत नव्हतं. तरी काही बिघडलं नाही, कारण त्यांचं बोट होतं.

बाई पाणी घालायच्या आधी उजव्या हाताचं पहिलं बोट दोन पेरं मातीत खुपसायच्या. बोट कोरडं निघालं तर पाणी. ओलं निघालं तर पदराला पुसून निघून जायच्या, मग आठवडा होवो की बारा दिवस. अर्ध्या तासाने परत येऊन खालच्या बशीत साचलेलं पाणी ओतून टाकायच्या. हे त्या इतक्या सहज करायच्या की घरात कुणाच्या कधी लक्षातच आलं नाही.

घरात माणसं मोजून चार. बाई, त्यांचे यजमान म्हणजे बाबा, मुलगा आणि सून. बाबांनी टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर एकतीस वर्षं काढली. पुडकं हातात घेतलं की काट्यावर ठेवायच्या आधीच वजन सांगायचे, आणि दहा-वीस ग्रॅमपलीकडे कधी चुकायचे नाहीत. मुलगा बस चालवतो, पहाटेची पाळी. सून घरीच केक करून विकते. तिचं टेबल पुढच्या खोलीत, माझ्या खिडकीपासून चार पावलांवर.

मागच्या वर्षी बाई आजारी पडल्या. उजेड हवा म्हणून त्यांचा पलंग माझ्या खिडकीशी आणला. शेवटच्या पंधरा दिवसांत त्यांनी तिघांनाही एकेकटं जवळ बोलावलं, आणि मी उशाशीच असल्यामुळे ते तिन्ही वेळा ऐकलं.

बाबांना म्हणाल्या, "अहो, सूनबाईला केकच्या कामातून मान वर करायला फुरसत नसते. लिलीला पाणी तुम्हीच घाला."

सुनेला म्हणाल्या, "हे आता विसरभोळे झालेत गं. त्यांच्यावर सोडू नकोस. लिलीचं तू बघ. त्यांना मात्र बोलू नकोस, वाईट वाटेल."

मुलाला म्हणाल्या, "बाबा थकले, तुझ्या बायकोला कामं काय कमी आहेत? कामावर जाताना दोन घोट पाणी घालत जा रे माझ्या झाडाला."

तिघांनीही हो म्हटलं, आणि बाई गेल्या. त्या दिवशी खोलीत एवढी माणसं होती की कुणाचा तरी धक्का लागून माझा कंगोरा थोडा उडाला. अजून तसाच आहे.

दुसऱ्या दिवसापासून मला पाणी सुरू झालं. पहाटे मुलगा बूट घालायचा, पाणी प्यायचा आणि पेल्यात उरलेलं माझ्यात ओतायचा. सकाळी सून मोजायच्या कपाने एक कप घालायची. दुपारी जेवणानंतर बाबा औषधाची गोळी घ्यायचे आणि अर्धा कप पाणी मुद्दाम मागे ठेवून ते मला द्यायचे. प्रत्येक जण आधी मागे वळून कुणी बघत नाही ना ते पाहायचा. बाईंनी काम आपल्यालाच सांगितलंय अशी तिघांचीही खात्री होती, आणि ते काम प्रत्येकाला एकट्याने करायचं होतं. बाबा पाणी घालताना हळूच म्हणायचे, "घातलं बरं का." ते लिलीला म्हणत नव्हते, हे मला कळायचं.

मातीत बोट कुणी घातलं नाही. बशी कुणी रिकामी केली नाही. माझं भोक त्या साचलेल्या पाण्यात बुडून राहिलं, आणि लिलीच्या नाकातोंडात पाणी जायला लागलं. पानं पिवळी पडून खाली लोंबली. ती पाहून तिघांनाही वाटलं, आपण कमी पडतोय. प्रत्येकाने थोडं वाढवलं.

मग चिलटं आली. सुईच्या टोकाएवढी, काळी. ओली कुजकट माती त्यांना फार आवडते. वरच्या बोटभर थरात अंडी घालायची, त्यातून पांढऱ्या, काळ्या डोक्याच्या अळ्या निघायच्या आणि कुजलेलं खाऊन संपलं की लिलीची कोवळी मुळं कुरतडायच्या. माझ्याच पोटात हे चाललं होतं आणि मी काही करू शकत नव्हते. कुणी जवळून गेलं की माझ्यातून धूर उठावा तशी चिलटं उठायची.

एक दिवस कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकवर, पांढऱ्याशुभ्र क्रीममध्ये, दोन चिलटं चिकटून गेली. त्या घरून फोटो आला. सून तो फोटो हातात धरून खूप वेळ बसली. संध्याकाळी सगळे जेवायला बसल्यावर ती म्हणाली, "आईंचं झाड आहे म्हणून मी दोन महिने तोंड उघडलं नाही. पण तीन आठवड्यांनी लग्नाचा केक आहे, तीन मजली. त्यावर एक जरी चिलट बसलं तरी माझं काम संपलं. दहा दिवस देते. नाहीतर कुंडी बाहेर."

बाबांनी ताटातून मान वर केली नाही. मुलगा म्हणाला, "औषध फवारू ना."

"जिथे क्रीम फेटते तिथे विष फवारू?" सून म्हणाली. "उद्या रोपवाटिकेत जाऊन विचारते."

तिने विचारून आणलं. काका आता म्हातारे झालेत, पण त्यांचा निरोप जसाच्या तसा आला: "चिलटं मारत बसू नका, ओल मारा. दहा दिवस थेंबभरसुद्धा पाणी नाही. माती वरून खडखडीत वाळली की अंडीही मरतात आणि अळ्याही." बाकीचं मग वरवरचं. पिवळ्या पुठ्ठ्याला तेल लावून तो माझ्यात उभा केला, कारण पिवळ्या रंगावर चिलटं झेप घेतात आणि चिकटतात. वाटीत व्हिनेगर आणि भांडी घासायच्या साबणाचा थेंब घालून ती शेजारी ठेवली. बटाट्याच्या चकत्या मातीवर पालथ्या घातल्या. सकाळी चकती उचलली की खाली अळ्या गोळा झालेल्या, त्या चकतीसकट टाकून द्यायच्या. सून नाक मुरडत म्हणाली, "आजवर बटाटे माणसांसाठी कापले, आता यांचीही बडदास्त ठेवा."

पाणी बंद, असं तिघांनी एकमेकांसमोर ठरवलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुलाने बूट घातले, पाणी प्यायला, आणि उरलेलं माझ्यात ओतलं. "दोन घोटच," असं स्वतःशीच म्हणाला. सकाळी सुनेने चकत्या बदलल्या, लोंबलेल्या पानाला हात लावला, डोळे पुसले आणि पाऊण कप पाणी घातलं. दुपारी बाबा आले. "दहा दिवस कसं राहील गं हे," असं म्हणाले आणि पेला रिकामा केला.

काय म्हणावं या माणसांना? ज्या सुनेने मला बाहेर टाकायची मुदत दिली, तीच पाणी घालत होती. बाईंना दिलेला शब्द दोघांनी जरी मोडला असता तरी लिलीचे हाल टळले असते. आठ दिवस मी हे बघितलं. पुठ्ठा चिलटांनी काळा झाला, दुसरा लावला, तोही काळा झाला. लिलीची अकरा पानं होती, त्यातली सहा गळली. आता फक्त दोन दिवस उरले होते.

आठव्या दिवशी दुपारी बाबांनी खिडकीची फळी पुसायला मला उचललं. उचललं आणि तसेच उभे राहिले. मला थोडं वर-खाली केलं. मग सुनेचा पीठ मोजायचा काटा आणला, मला त्यावर ठेवलं, आकडा बघितला, पुन्हा जागेवर ठेवलं आणि नेहमीचं अर्धा कप पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत काट्यावर. आकडा बघून खुर्चीत बसले. मुलगा कामावरून आला, सून आत होती, तिला हाक मारली.

"अगं, इकडे ये. तूही थांब रे." बाबा माझ्याकडे बघत बोलत होते. "ही कुंडी वाळायला ठेवली आहे ना? कालपेक्षा आज तीनशे दहा ग्रॅम जड भरली."

मुलाने वाकून काट्यावरचा आकडा स्वतः पाहिला.

"त्यातले शंभर ग्रॅम माझे आहेत," बाबा म्हणाले. "रोज घालतो. तिला शब्द दिला होता मी. ते शंभर मी कबूल करतो. बाकीचे कुणाचे?"

सून पदराआड तोंड लपवून रडायला लागली. "पाऊण कप माझे," ती म्हणाली. "आईंनी मला सांगितलं होतं. तुम्ही विसराल म्हणाल्या. तुम्हाला बोलू नकोस म्हणाल्या." आणि मुलगा भिंतीला टेकून म्हणाला, "पहाटे मी. मलाही सांगितलं होतं."

मग कुणाला काय सांगितलं होतं, ते तिघांनी एकमेकांना सांगितलं. मी ते चौथ्यांदा ऐकत होते. मुलाला लागलं ते. "म्हणजे आईचा आपल्यापैकी कुणावरच भरवसा नव्हता," तो म्हणाला.

बाबांनी मला काट्यावरून उतरवून फळीवर ठेवलं. मग म्हणाले, "तसं नाही रे. तिघांपैकी दोघं विसरतील, असं धरून चालली होती ती. म्हणजे एक तरी उरेल."

"आणि आपण कुणीच विसरलो नाही," सून म्हणाली.

त्यानंतर ते तिघंही रडले. बाई गेल्या त्या दिवशी पाहुण्यांची सरबराई करण्यात जे राहून गेलं होतं, ते त्या दुपारी झालं.

त्याच संध्याकाळी त्यांनी लिली माझ्यातून बाहेर काढली. मुळं तपकिरी, बोटाने दाबली की विरघळत होती. बाबांनी कात्रीने ती एकेक कापली. शेवटी मूठभर पांढरं मूळ आणि तीन पानं उरली. जुनी माती पिशवीत बांधून टाकली. नवी माती निर्धोक करायला ओव्हनमध्ये भाजू का, असं मुलाने विचारलं, तेव्हा सून म्हणाली, "केकच्या ओव्हनमध्ये माती भाजण्याइतकी वेडी अजून झाले नाही मी," आणि तिने मातीवर उकळतं पाणी ओतून ती वाळवली. मला कढत पाण्याने घासलं, दोन दिवस उन्हात पालथं ठेवलं. मुलाने पॉलिश पेपरने माझा रंग खरवडला. कंगोऱ्याखाली, जिथे रंग ओला असताना बाईंचं बोट लागलं होतं, तिथला डाग बाबांनी खरवडू दिला नाही.

लिली परत माझ्यात आली, वर बोटभर जाड वाळू घातली. पुठ्ठा पुन्हा लावला. या वेळी पाणी बंद म्हणजे खरोखर बंद होतं. पहिल्या आठवड्यात पुठ्ठ्यावर सतरा चिलटं, पुढच्या तीन दिवसांत चार. लग्नाच्या केकच्या दिवशी सुनेने क्रीम उघडं ठेवून मुद्दाम तासभर माझ्याकडे बघितलं. एकही उठलं नाही. केक गेला आणि कुणाचा फोटो आला नाही.

माणसांना मी एवढंच सांगेन. जीव लावा, पण तो लपूनछपून लावू नका. तुमच्यासारखाच जीव लावणारं दुसरं कुणी त्याच घरात असतं, आणि मग ज्याच्यावर सगळ्यांची माया, ते बिचारं गुदमरतं. त्याला थोडी तहान लागू द्या. तहान लागली म्हणजे मुळं आपणहून पाण्याकडे जातात.

लिलीला अजून फूल नाही. चौथं पान मात्र फुटलंय, अजून गुंडाळलेलं आहे. पाण्याशिवाय आज तेरा दिवस झाले. सकाळी बाबांनी मला उचललं, हातात तोललं, मग वाळू बाजूला सारून बोट दोन पेरं आत घातलं आणि बाहेर काढून बघितलं. बोट कोरडं होतं. तरी त्यांनी लगेच पाणी ओतलं नाही. आधी घराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "लिलीला पाणी घालतोय रे."

आतल्या दोन्ही खोल्यांतून आवाज आला, "घाला, बाबा."